जुने फ्लॅशचे धडे चालवायचेत: रफल घ्यावं की सुटा फ्लॅश प्लेयर?

आमच्या शाळेच्या कपाटात विज्ञानाच्या धड्यांच्या सीडी अजून जपून ठेवल्यात. पाचवी ते सातवी, मराठी माध्यम, सगळं फ्लॅश या ॲडोबी कंपनीच्या जुन्या ॲनिमेशन प्रोग्रॅममध्ये केलेलं आणि इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडणारं. धडे आजही उत्तम आहेत. जलचक्रात ढगावर क्लिक केलं की पाऊस पडतो आणि जमिनीत मुरणारं पाणी मुलांना डोळ्यांनी दिसतं. पण 31 डिसेंबर 2020 ला ॲडोबीने फ्लॅश प्लेयरचं काम थांबवलं आणि 12 जानेवारी 2021 पासून ब्राउझरमधला प्लेयर फाइल चालवेनासा झाला. धडे टाकून द्यायला मन होईना, म्हणून गेल्या वर्षी दोन मार्ग आलटून पालटून वापरून पाहिले. ज्यांच्याकडे असाच साठा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिला मार्ग रफल. हा फ्लॅश नव्हे, फ्लॅशची नक्कल करणारा नवा, मोफत प्रोग्रॅम. ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन म्हणून बसतो, वेगळा डेस्कटॉपवरही मिळतो. दुसरा मार्ग म्हणजे ॲडोबीचाच सुटा फ्लॅश प्लेयर, ज्याला प्रोजेक्टर म्हणतात. एकच फाइल, इन्स्टॉल करायची नाही, ब्राउझर लागत नाही, आणि 12 जानेवारीचं कुलूप त्याला लावलेलंच नव्हतं. फ्लॅशपॉइंट नावाचा मोठा संग्रहही आहे, पण तो मुख्यतः जुन्या खेळांसाठी. आपल्या हातातल्या सीडीसाठी तो वळसा मला लांबचा वाटला.

सुरक्षिततेत रफल सरळ पुढे आहे, यात वाद नाही. तो रस्ट या सुरक्षित समजल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलाय, ब्राउझरच्या कुंपणाच्या आत चालतो आणि त्याच्यावर अजून काम सुरू आहे. सुट्या प्लेयरमधली भोकं 2020 नंतर ॲडोबीने बुजवलेली नाहीत. लॅबमधल्या ज्या काँप्युटरवर मी तो ठेवलाय, त्याची नेटची वायर काढून ठेवतो आणि सीडीवरच्या फाइलींशिवाय त्यात दुसरं काही उघडत नाही. मुलांनी घरी मोबाइलवर धडा बघावा असं वाटत असेल तर रफलला पर्यायच नाही. शाळेच्या साइटवर धडा ठेवायचा असेल तरी तोच.

चालण्याच्या बाबतीत धडा कधीचा आहे ते बघावं लागतं. ॲक्शनस्क्रिप्ट 3, म्हणजे फ्लॅशच्या आतल्या प्रोग्रॅमिंग भाषेची नवी आवृत्ती, आली 2006 मध्ये. तिच्या आधीच्या पद्धतीने केलेले आमचे बहुतेक धडे रफलमध्ये पहिल्या झटक्यात चालले, आवाजासकट. नंतरच्या दोन धड्यांत मात्र बटणं दाबली जात होती आणि पुढे काहीच होत नव्हतं. तिकडे रफलचं काम बरंच पुढे सरकलंय, त्यामुळे तुमच्या धड्यांचा अनुभव वेगळा असू शकेल. आणखी एक अडचण म्हणजे आमचा मुख्य धडा बाजूच्या फोल्डरमधून चित्रं आणि प्रश्नांची फाइल ओढून घेतो. सीडीवरून थेट ब्राउझरमध्ये उघडलं की ब्राउझर त्याला ती फाइल वाचू देत नाही. यावर रफलचा डेस्कटॉप प्रोग्रॅम हा उपाय आहे, तेवढं जमतं.

पण माझा निर्णय झाला तो फाँटवरून.

हे धडे बनले ते युनिकोड, म्हणजे मराठी अक्षरं सगळ्या काँप्युटरवर सारखीच साठवायची पद्धत, रुळायच्या आधीचे दिवस होते. मराठी मजकूर कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फाँटांत टाइप व्हायचा. आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, आणि फाँट त्यांना मराठी रूप देतो. धड्यातला जो मजकूर अक्षरांच्या आकारासकट फाइलमध्ये भरून ठेवलाय, तो कुठेही नीट दिसतो. शीर्षकं, आकृत्यांवरची नावं, सगळं ठीक. पण प्रश्नमंजूषेतले प्रश्न बाहेरच्या फाइलमधून येतात आणि त्यांचा फाँट काँप्युटरवरून घ्यायचा, अशी सोय करून ठेवलेली असते. ब्राउझरमधल्या रफलला काँप्युटरवरचा फाँट हाताशी येत नाही, मग तो स्वतःजवळचा लावतो.

सहावीच्या वर्गात मोठ्या पडद्यावर रफलमध्ये जलचक्र संपलं आणि पहिला प्रश्न आला. ‘पाणी’ शब्दाच्या जागी आय, के, टिंब, के, एच. पुढची आख्खी ओळ तशीच. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “सर, हा प्रश्न इंग्लिशमध्ये आहे का?” तिने खरोखर वाचायचा प्रयत्न केला होता. मी प्रश्न तोंडी सांगितले आणि तास निभावला, पण ज्या मुलांना आधीच इंग्रजीची धास्ती आहे, त्यांच्यापुढे आपल्याच भाषेचा धडा असा यावा हे मला फार लागलं.

यात रफल बनवणाऱ्यांचा दोष नाही. त्यांनी फुकट केलेलं काम मोठं आहे आणि हा गुंता आपल्या जुन्या फाँटांचा आहे. जेपेक्स नावाच्या मोफत प्रोग्रॅमने धड्याची फाइल उघडून फाँट आत भरता येतो. एका धड्यासाठी मी ते केलंही, पण सगळी संध्याकाळ गेली. चाळीस धड्यांना तेवढा वेळ कुठून आणायचा?

सुट्या प्लेयरमध्ये तोच धडा, तोच प्रश्न स्वच्छ मराठीत आला. तो फाइलमध्ये लिहिलेल्या नावाचा फाँट विंडोजमध्ये शोधतो आणि सापडला की लावतो. विंडोज 11 वरही माझ्याकडे हे बिनतक्रार चालतंय, आणि 2 जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर तो रफलपेक्षा हलका वाटतो.

तुमच्या धड्यांत नुसती चित्रं आणि आवाज असेल, किंवा मुलांना घरी द्यायचे असतील, तर रफलच लावा. वर्गात प्रश्नमंजूषा घ्यायची असेल तर माझं मत सुट्या प्लेयरच्या बाजूने पडतं. फक्त तो ‘फ्लॅश डाउनलोड करा’ म्हणणाऱ्या कुठल्याही साइटवरून उतरवू नका, त्या नावाखाली व्हायरस देण्याचा धंदा फार जुना आहे. मी आमच्या बंद पडलेल्या काँप्युटरच्या हार्ड डिस्कमधून घेतला. सीडीचं संपूर्ण फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा, त्यातली एखादीच फाइल उचलू नका. सीडीत फाँटचं फोल्डर असेल तर त्यातले फाँट आधी इन्स्टॉल करा. प्लेयर आधीच उघडा असेल तर बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर फाँट बसवूनही प्रश्न इंग्रजी अक्षरांतच दिसतील.