जुनी बुलेट, येझदी की चॉपर?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाड्याच्या बोळात चौदा वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली १९७४ ची बुलेट माझ्या भाच्याला मिळते आहे. मालक नात्यातलेच, भाव रास्त. पण भाच्याच्या मोबाइलमध्ये चित्रं आहेत ती चॉपरची: पुढे लांब गेलेले फोर्क, खांद्याएवढं उंच हँडल, मडगार्ड नसलेलं मागचं जाड टायर. "मामा, ही कापू, की आहे तशी उभी करू? की चालू येझदी घेऊन मोकळा होऊ?" माझ्याकडे येझदी बावीस वर्षं आहे, बुलेट अकरा. चॉपर मित्राची, पण तिच्यावर महिनेच्या महिने बसलो आहे. तिन्हींवर माझा जीव आहे.

येझदीचा निकाल लवकर लागतो. म्हैसूरच्या आयडियल जावाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला चेकोस्लोव्हाकियाची जावा इथे बनवायला घेतली, पुढे तिचं नाव येझदी झालं, आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. २५० सीसी, टू-स्ट्रोक, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. ज्या दांडीने गिअर टाकायचा तीच आत दाबून मागे फिरवली की किक होते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे दाखवताना मला आजही आनंद होतो. इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत. रविवारी सकाळी हेड काढून कार्बन खरवडला तर जेवायच्या आत गाडी परत उभी राहते. न्यायमंदिर ते मांडवी एवढ्या गर्दीतही ती सहज वळते.

सांभाळायचं ते तेल. पेट्रोलमध्येच लिटरमागे साधारण ४० मिली टू-टी मिसळावं लागतं आणि इंजिनाला वंगण मिळतं ते त्यातूनच. म्हणून पावागढला माचीवरून खाली उतरताना थ्रॉटल बंद ठेवून गिअरवर गाडी घरंगळू देऊ नका. पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. मध्ये मध्ये थोडी रेस द्या, नाहीतर पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होईल. पहिलीच जुनी गाडी घेणाऱ्याला, हाताने पाना फिरवायची आवड असेल तर, मी डोळे मिटून येझदी सांगेन.

बुलेटचं तसं नाही. तिला माणसाकडून वेळ लागतो. १९५५ पासून मद्रासला तिची जुळणी होऊ लागली, आणि इंग्लंडचा मूळ रॉयल एनफिल्ड कारखाना मिटला तरी इथली बुलेट चालत राहिली. पुढे इथली कंपनी आयशरकडे गेली. ३४६ सीसीचं इंजिन, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ९०. स्ट्रोक लांब असल्याने ती कमी फेऱ्यांत ओढते आणि प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. पहिला वर, बाकीचे तीन खाली. नव्या गाडीवरून थेट तिच्यावर बसाल तर पहिला आठवडा मोकळ्या मैदानात काढा, कारण घाईत पाय ब्रेकऐवजी गिअरवरच जातो.

किकचंही एक तंत्र आहे. चावी फिरवून हळूहळू किक दाबत न्यायची. अँपिअरमीटरचा काटा मध्यावर आला की डीकॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरातला दाब सोडणारी, दांडी ओढून पिस्टन थोडा पुढे सरकवायचा, दांडी सोडायची, आणि मग पूर्ण किक. हे न शिकता जोर लावला तर किक उलटी मारते आणि घोटा दुखावतो. ओतीव लोखंडाचा सिलिंडर तापला की लवकर निवत नाही. बडोद्याच्या मे महिन्यात तासाभराने थांबून चहा घ्या, तिलाही थोडी सावली द्या. ६०-७० च्या वेगात ती दिवसभर चालेल. ऐंशीच्या वर मात्र हाताला मुंग्या येतात आणि बोल्ट सैल होऊ लागतात.

आता चॉपर. हा शब्दच कापण्यातून आला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या तरुणांनी जड मोटरसायकलींचे मडगार्ड, पत्रे, जे नको ते काढून टाकलं, आणि साठच्या दशकात हात थेट चासीवर पडला. १९६९ च्या 'इझी रायडर' सिनेमातून जगभर पोचलेली तारे-पट्ट्यांच्या टाकीची चॉपर घडवण्यामागे बेन हार्डी आणि क्लिफ व्हॉज हे दोन कृष्णवर्णीय कारागीर होते. त्यांचं नाव लोकांना फार उशिरा कळलं याची मला हळहळ वाटते, कारण चॉपर म्हणजे शेवटी कारागिराचा हात. वेल्डिंगची एकसारखी शिवण, पत्रा ठोकून घडवलेली छोटी टाकी, एकाही जागी न अडणारी रेषा. अशी गाडी समोर आली की मी पंधरा मिनिटं नुसता तिच्याभोवती फिरतो.

पण बसल्यावर काय होतं ते ऐका. साध्या मोटरसायकलीची हँडलची मान साधारण २५ ते २८ अंशांनी झुकलेली असते, चॉपरची ३५-४० किंवा त्याहूनही जास्त. त्यामुळे पुढचं चाक लांब जातं आणि सरळ रस्त्यावर गाडी रुळावर असल्यासारखी धावते. मात्र वेग कमी झाला की हँडल जड होऊन एका बाजूला पडू पाहतं. रावपुऱ्यातून एका पोळीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या अरुंद गल्लीत, वळताना मला दोनदा पाय टेकून, मागे घेऊन वळावं लागलं. मागचे शॉकअप काढलेली असेल तर प्रत्येक खड्डा सरळ कण्यात जातो. तिला हवा लांब, सरळ, मोकळा रस्ता, आणि आपल्याकडचा असा रस्ता म्हणजे अहमदाबादचा एक्सप्रेसवे. त्यावर दुचाकीला बंदी.

कापण्याची कला गुजरातला नवी नाही. सौराष्ट्रातले छकडे पाहा, पुढे अर्धी बुलेट, मागे हौदा. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत लेथ आणि चांगले वेल्डरही सापडतील. अडचण हाताची नाही, कागदाची आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने आरसीत नोंदलेल्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच स्पष्ट केलं. बुलेटच्या चासीचा नंबर ठोकलेला असतो तो मानेपाशी, म्हणजे चॉपर करताना करवत जिथे लागते तिथेच. तो गेला की गाडीची ओळखच गेली.

दुसरीकडे, २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चासी किंवा इंजिनात बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं. पण तशी नोंदवलेली गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच. म्हणून जुनं आरसी बुक जिवंत असेल तर ते दर पाच वर्षांनी वाढवत राहणं आणि गाडी मनसोक्त चालवणं मला जास्त पटतं.

तिन्हींपैकी काहीही घ्या, बडोद्यात एक गोष्ट आधी तपासा: गाडी विश्वामित्रीच्या पुरात बुडली होती का. २०२४ च्या ऑगस्टमध्ये किती तरी पार्किंग पाण्याखाली गेली. इंजिनावरचं पॉइंटचं (प्लगच्या ठिणगीची वेळ साधणाऱ्या भागाचं) झाकण उघडा, हेडलाइटच्या आत बोट फिरवा, बारीक पिवळट गाळ लागला तर इंजिन उघडायचा खर्च धरूनच भाव करा. आणि आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप फुगतात. ते आधी बदला, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

ज्याला चॉपरचंच वेड आहे त्याने पन्नाशीची, कागदांसह मिळालेली बुलेट कापू नये. अशा गाड्या आता नव्याने होणार नाहीत. त्याने नव्या काळातली बुलेट घ्यावी, करवत न लावता सीट, हँडल आणि रंग एवढ्यावर भागवावं, आणि तेही आरटीओत विचारून. मूळचे भाग पेटीत जपून ठेवावेत. खरी लांब मानेची चॉपर हवीच असेल तर ती प्रदर्शनासाठीच बांधावी.

भाच्याला मी एवढंच सांगितलं, की पैसे द्यायच्या आधी कागद आणि पेन्सिल घेऊन वाड्यात जा, मानेवरच्या नंबरचा पेन्सिल प्रिंट काढ आणि आरसी बुकाशी ताडून बघ. जुळला तर मला फोन कर. प्लग आणि नवं पेट्रोल मी घेऊन येतो.