घटपर्णीचं बी कशावर पेरावं: मॉस की कोकोपीट?

घटपर्णी म्हणजे पानांच्या टोकाला घट धरून त्यात किडे पकडणारी वनस्पती. तिचं बी ताजं हवं, वर माती लोटायची नाही, खत औषधालाही नको, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. प्रश्न उरतो तो खाली काय घालायचं याचा. मी दोन्ही वापरलंय.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, स्वस्त. बेळगावात त्याची दाबलेली वीट सहज मिळते, परलाइट (पांढरे हलके खडे) मिसळलं की वरचा थर सपाट बसतो आणि केसाएवढं बी कुठं पडलंय ते दिसतं. उगवायला महिना-दोन महिने, कधी त्याहूनही जास्त लागतात. तोवर बी नजरेसमोर असलेलं बरं. स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारी दलदलीतली धागेदार वनस्पती, वाळवून परदेशातून येतं, महाग पडतं, आणि लांब धाग्यांचं तसंच अंथरलं तर बी फटीत जाऊन बसतं.

मग कोकोपीटचं अडलं कुठं? धुण्यात. नारळाचा काथ्या पुष्कळदा खाऱ्या पाण्यात कुजवलेला असतो आणि घटपर्णीच्या मुळांना क्षार सोसत नाहीत. विटेचं पहिलं पाणी तांबडंलाल निघतं, मग फिकं होत जातं. पण रंग उतरला म्हणजे क्षार गेले असं नाही, म्हणून पुन्हा धुवा. आमच्या गल्लीतलं बोअरचं पाणी असं की कुंडीच्या काठावर पांढरी किनार धरते, त्यानं काय धुणार? म्हणजे पागोळ्यांखाली पिंपं लावून साठवलेलं पावसाचं पाणी आलं. ते एप्रिल-मेमध्ये मोठ्या झाडांना पुरवून पुरवून घालायचं असतं, आणि ही वीट ते बघता बघता गटारात घालवते. हे काही मला जमेना बघा.

मॉस भिजवलं, पिळलं, कात्रीनं बारीक कातरून दाबलं की झालं. बीजपत्रांमागून येणाऱ्या पहिल्याच पानांना इवले घट धरतात. पुढं रोप हलवताना मॉसची चिमूट मुळांसकट उचलता येते. कोकोपीटमधून काढताना ती काळी, नाजूक मुळं माझ्याकडून तुटतात. माझा हातच जड असेल, कुणास ठाऊक. मॉसची खोड एकच: सतत ओलं राहिलं की स्वतःच हिरवं होऊन रोपांच्या वर चढतं, मग चिमट्यानं दाबत बसा.

शेवाळ मला कोकोपीटवर जास्त दिसलं, पण दोन्ही ट्रे एका खिडकीत नव्हते, त्यामुळे पैज लावणार नाही. निपाणी-चिकोडीकडच्या कोरड्या हवेत झाकणाचा डबा दोन्हीला लागेल. खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात झाकण थोडं उघडं चालावं. पहिलीच खेप असेल तर मेघालयातल्या खासियाना या घटपर्णीच्या जातीचं बी बघा, आपल्याकडच्या थंडीतल्या रात्री ती सोसते. मात्र बी बागेत वाढवलेल्या झाडांचंच घ्या. रानातली जात संरक्षित आहे.

घरी आरओचं शुद्ध पाणी मुबलक असेल तर कोकोपीटही वाईट नाही. फक्त काटकसर म्हणून मशीनच्या बाजूच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्यानं वीट धुऊ नका, काढलेले सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात.