पाण्याखालचा तापमान-नोंदक: जलकीटकांच्या अभ्यासाला कितपत उपयोगी?

ओढ्यातल्या किड्यांचा अभ्यास करणाऱ्यांना समोर ठेवून बनवलेला हा लॉगर, म्हणजे तापमान-नोंदक, मुठीत सहज मावतो. आत थर्मिस्टर (तापमान जाणणारा भाग), बॅटरी आणि स्मृती असून सगळे इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या राळेमध्ये कायमचे बंद केलेले आहे. तो दगडाला बांधून पाण्यात सोडायचा आणि काही महिन्यांनी काढून ब्लूटूथने नोंदी उतरवून घ्यायच्या, एवढाच त्याचा वापर. उपकरण म्हणून तो भरवशाचा आहे. मात्र सोबत मिळणारे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्याने जलकीटक कधी जवळून पाहिला असेल, असे वाटत नाही.

आधी जमेची बाजू. कुटलेला बर्फ आणि पाणी यांच्या नीट ढवळलेल्या मिश्रणात बुडवल्यावर लॉगरने 0.1 अंश सेल्सिअस दाखवले, म्हणजे माहितीपत्रकातील ±0.2 अंशांचा दावा निदान शून्यापाशी तरी खरा ठरला. इपॉक्सीच्या जाड आवरणामुळे आकडा स्थिर व्हायला काही मिनिटे लागतात. परंतु पाणी हवेसारखे झटपट तापत किंवा निवत नसल्याने दर पंधरा मिनिटांच्या नोंदीत ही ढिलाई आड येत नाही.

नोंदींमधील ही बारकाई जलकीटकांच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. या किड्यांच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबरच चढते-उतरते. ढोबळमानाने दर 10 अंशांच्या वाढीमागे त्यांचा ऑक्सिजनचा खर्च दुप्पट होतो, आणि नेमक्या त्याच वेळी पाण्यात विरघळणारा ऑक्सिजन घटतो: समुद्रसपाटीवर 10 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11.3 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना जेमतेम 7.6 मिलिग्रॅम. या कोंडीतून प्रत्येक जण आपापली वाट काढतो. मेफ्लाय या जलकीटकाची काही अर्भके (पाण्यात वाढणारी अप्रौढ पिल्ले) पोटाच्या दोन्ही बाजूंचे पानांसारखे कल्ले जोरजोराने हलवून अंगावरून ताजे पाणी खेळवतात. स्टोनफ्लाय या दुसऱ्या जलकीटकाची अर्भके पाय रोवून जोर काढल्यासारखे शरीर खालीवर करतात. कायरोनोमिड या डासासारख्या माशीच्या लालभडक अळ्यांना ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या हिमोग्लोबिनचा आधार असतो. पेशींच्या पातळीवर उष्णता-आघात प्रथिने तयार होऊन इतर प्रथिनांची घडी विस्कटू देत नाहीत. हे सारे दुपारी पाणी सर्वाधिक तापते त्या दोन-तीन तासांसाठी चालते, आणि ते तास दिवसाच्या सरासरीत पार बुडून जातात.

सॉफ्टवेअरवर माझा राग आहे तो यासाठीच. नोंदी उतरवताच पडद्यावर येतो तो दैनिक सरासरीचा गुळगुळीत आलेख; मूळ नोंदी पाहायच्या तर त्या वेगळ्या फाइलमध्ये काढून घ्याव्या लागतात. दिवसभर 18 अंशांवर स्थिर राहिलेले पाणी आणि पहाटे 12 व दुपारी 24 अंश गाठणारे पाणी या आलेखावर एकसारखेच दिसते. वाढीचा वेग तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नसल्यामुळे या दोन पाण्यांतली एकाच जातीची अर्भके एकाच गतीने वाढतील, असे मुळीच नाही. अंश-दिवस, म्हणजे ठरावीक पायाच्या वर रोज किती अंश तापमान राहिले त्याची बेरीज, मोजण्याची सोय दिली आहे खरी, परंतु तिचा पाया 10 अंशांवर पक्का बसवलेला असून तो बदलताच येत नाही. शेतातल्या किडींसाठी हा पाया ठीक असेल. हिवाळी स्टोनफ्लाय मात्र गोठणबिंदूच्या आसपासच्या पाण्यातही वाढते आणि बर्फ असतानाच प्रौढ होऊन बाहेर पडते. या सॉफ्टवेअरच्या हिशेबाने तिची वाढ शून्य!

लॉगरचा खरा कस लागतो तो दोन नग एकदम वापरले की. एक उथळ खळाळत्या पाण्यात आणि दुसरा तळाच्या खडीत वीतभर खाली पुरला, तर खालच्या आलेखातला चढउतार बराच दबलेला आणि थोडा उशिराने येणारा दिसतो. काही स्टोनफ्लायची अर्भके उन्हाळ्यात याच थरात उतरून सुप्तावस्थेत का पडून राहतात, हे त्या दोन रेषा शेजारी ठेवल्यावर चटकन उमगते. खोल धरणाच्या तळातून सोडलेल्या पाण्यातही हाच प्रयोग करण्याजोगा आहे. तिथे पाणी उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात कोमट राहते, त्यामुळे वर्षाची सरासरी फारशी बदललेली नसतानाही, अंडी फुटण्यासाठी किंवा प्रौढ होण्यासाठी ज्यांना तापमानातील चढउताराची खूण लागते त्या जाती धरणाखालून नाहीशा होऊ शकतात.

व्हॅनोट आणि स्वीनी या अमेरिकी संशोधकांनी 1980 च्या सुमारास मांडलेल्या विचारानुसार पाणी एखाद्या जातीला मानवणाऱ्या पट्ट्यापेक्षा अधिक उष्ण असो वा अधिक थंड, प्रौढ कीटक आकाराने लहान निपजतो आणि मादी अंडी कमी घालते. हे पडताळायचे तर सबंध वाढीच्या काळाची सलग नोंद हवी, आणि त्या कामाला हा लॉगर पुरेसा आहे.

सोबत सावलीचे आवरण मात्र दिलेले नाही, ही मोठी उणीव म्हणावी लागेल. उथळ, संथ पाण्यात ऊन थेट पडले की काळे आवरण स्वतःच तापते आणि आकडा पाण्याचा न राहता उपकरणाचा होतो. भोके पाडलेल्या पांढऱ्या पीव्हीसी नळीच्या तुकड्यात लॉगर बसवल्यास हा दोष टळतो.

बॅटरी बदलता येत नाही, हेही घेण्यापूर्वी ध्यानात असावे. वर्षाच्या आत पिढी पूर्ण करणाऱ्या मेफ्लायसाठी त्याने काही बिघडत नाही. काही चतुरांची आणि मोठ्या स्टोनफ्लायची अर्भके मात्र दोन-तीन वर्षे पाण्यातच काढतात. त्यांच्या मागावर असणाऱ्याने पहिला लॉगर चालू असतानाच शेजारी दुसरा सोडावा आणि दोघांच्या काही आठवड्यांच्या नोंदी जुळवून मगच पहिला काढावा.