बिल्ट-इन ओव्हन, दीड वर्षानंतर: भाजतो छान, पण तो एफ-३!

गेल्याच्या गेल्या दिवाळीआधी कोथरूडच्या घरी हा ओव्हन बसवून घेतला. हेतू एकच, नानकटाईचं पीठ घेऊन बेकरीच्या भट्टीपुढे ताटकळणं संपावं. ते संपलं. नानकटाई १६० अंशांवर, मधल्या कप्प्यात, पंखा बंद ठेवून छान होते; पंखा लावला की वरून तांबूस आणि आत कच्ची. पाव, पिझ्झा, केक, कशालाच नाव ठेवायला जागा नाही. भरताचं वांगं मात्र अजून गॅसवरच.

यंदाच्या उन्हाळ्यात एफ-३ हा बिघाडाचा कोड यायला लागला. थंड असताना काही नाही. १८० च्या आसपास गेला की बीप, हीटर बंद, आतला केक बसलेला. पुस्तिकेत एफ-३ म्हणजे तापमानाच्या सेन्सरचं सर्किट, आणि पुढे तेच ठरलेलं, 'सेवा केंद्राशी संपर्क साधा'. (हे कोड कंपनीगणिक वेगळे असतात, तुमची पुस्तिका बघा.)

गुरुवारी वीज जाऊन आली की घड्याळ १२:०० वर लुकलुकतं आणि वेळ लावेपर्यंत ओव्हन तापतच नाही. तो बिघाड नव्हे. हे तसलं नव्हतं. एमसीबी (वीजपुरवठ्याचा खटका) पाडून, थोडं थांबून चालू केला की कोड जायचा आणि तापल्यावर पुन्हा हजर.

वॉरंटी वर्षाचीच, ती संपलेली. सेवा केंद्राचा मुलगा आला आणि एक स्क्रूही न काढता म्हणाला, "मॅडम, पीसीबी गेलाय." म्हणजे ओव्हन चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड. किंमत एका बऱ्यापैकी ओटीजीएवढी (टेबलावरचा छोटा ओव्हन). "अहो, मीटर तरी लावून बघा." "कोड आला म्हणजे कार्डच असतं, मॅडम." चहा पाजून त्याला वाटेला लावला.

मग सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनदादांना बोलावलं. एमसीबी बंद, दाराच्या चौकटीतले स्क्रू काढले, ओव्हन पुढे ओढला, मागचा पत्रा उतरवला. सेन्सर म्हणजे पेन्सिलीहून बारीक स्टीलची कांडी. आमचा पीटी-१००० जातीचा, तापेल तसा त्याचा विद्युतरोध वाढतो: शून्य अंशाला १,००० ओहम, १०० ला १,३८५, २०० ला १,७५८. खोलीच्या तापमानाला ११०० च्या आसपास हवा, मीटरवर १,११५ आला. म्हणजे सेन्सर ठणठणीत! पण दादांनी कनेक्टर जरा हलवला आणि आकडा एकदम गायब. एक पिन काळी पडलेली, भोवतीचं प्लॅस्टिक पिवळं, बोटाने तुकडा पडेल इतकं ठिसूळ. गरम झालं की तिथला संपर्क सुटायचा, कार्डाला तापमानच कळायचं नाही, मग ते हीटर बंद करायचं. बिचारं कार्ड आपलं काम चोख करत होतं.

"ताई, इथे साधी वायर नि काळी टेप लावली तर आठवड्यात वितळेल," दादा म्हणाले. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून सिरॅमिकचा कनेक्टर आणि ग्लास फायबरचं आवरण असलेली वायर आणली. सामानाला शंभराची नोटही मोडावी लागली नाही. त्यानंतर २२० वर पिझ्झे काढले, एफ-३ दिसलेला नाही.

बाकी कुरकुर एकच: काम झाल्यावर थंड करणारा पंखा बराच वेळ घोंघावतो. तो मेन स्विचने बंद करू नका, आतली इलेक्ट्रॉनिक्स त्याच्याच भरवशावर असते. आणि घेणार असाल तर दुकानातच विचारा की सेन्सर आणि वायरिंग सुटं मिळतं का. आमच्या दुकानदाराने "सगळं मिळतं हो" म्हटलं होतं. लागलं तेव्हा सेवा केंद्राच्या यादीत फक्त अख्खं कार्ड होतं.