स्टिअरिंगचा आवाज: रॅक दुरुस्त करावा, बदलावा की आधी दुसरीकडे पाहावं?

खराब रस्त्यावर किंवा गाडी वळवताना स्टिअरिंगमधून खटखट यायला लागली, की गॅरेजमधून बहुतेक वेळा एकच निदान येतं: रॅक गेला. रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर डावीउजवीकडे सरकून चाकं वळवणारा दात्यांचा दांडा आणि त्याचं घर. कधी ते खरं असतं. पण स्टिअरिंगच्या सगळ्या सांध्यांत रॅक हा सर्वांत महागडा भाग आहे, म्हणून त्याच्यावर शेवटी यावं असं माझं ठाम मत आहे. सुरुवात बाहेरच्या, स्वस्त सांध्यांपासून करावी.

तपासणी दोघांनी मिळून करायची. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांवर उभी हवी. चाकं हवेत असली की ती सहज वळतात, सांध्यांवर जोर येत नाही आणि ढिलेपणा कळत नाही. खाली जायचं असेल तर खड्ड्यावर किंवा चाकांसकट गाडी उचलणाऱ्या रॅम्पवरच, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही. एकाने स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, सलग हलवत राहायचं. दुसऱ्याने एकेका सांध्यावर हात ठेवायचा. टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) झिजला असेल तर बोटांना आत बारीक ठोका जाणवतो, आणि हा ठोका कानापेक्षा हाताला आधी कळतो. रॅकच्या टोकाचा आतला सांधा रबरी बूटाखाली, म्हणजे घडीच्या आवरणाखाली, असतो, तो बूट दाबून धरला की तिथलाही ठोका लागतो. मग चाकाजवळच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बाहेरून तळवा लावा, बोटं वेढ्यांमध्ये घालू नका. स्टिअरिंग वळताना स्प्रिंग पीळ खाऊन एकदम ‘टण्ण’ करून सुटत असेल, तर दोष शॉकच्या वरच्या माउंटच्या बेअरिंगचा आहे. रॅक बदलून तो आवाज जाणार नाही.

पूर्ण कट मारून गाडी पुढे घेताना कटकटकट येत असेल आणि उभ्या गाडीत काहीच ऐकू येत नसेल, तर तो एक्सलचा सीव्ही जॉइंट, म्हणजे इंजिनची ताकद वळत्या चाकाला देणारा सांधा. त्याचा स्टिअरिंगशी संबंध नाही.

ऑइल भरणं की पंप बदलणं?

हायड्रॉलिक (पंपाने दाबलेल्या ऑइलच्या जोरावर हलकं होणारं) स्टिअरिंग वळवताना ‘घूंऽऽ’ असा आवाज वाढत असेल तर आधी टाकी उघडून बघा. ऑइलवर फेस असेल तर आत हवा शिरलेली आहे. पातळी कमी असेल तर ऑइल भरणं हा इलाज अर्धाच, कारण ही यंत्रणा बंद असते. ऑइल कमी झालं म्हणजे कुठून तरी गळतंय. ऑइल कोणतं हे झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये वाचूनच भरा. होंडा आपलंच पॉवर स्टिअरिंग फ्लुइड वापरायला सांगते, तर टोयोटाच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांत डेक्सरॉन जातीचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, चालतं. चुकीच्या ऑइलने सील खराब होतात. गळती थांबवणारी बाटली मी कोणालाच सुचवणार नाही. ती सील फुगवते, त्यामुळे आराम थोडे दिवसच मिळतो. हवा काढून, स्वच्छ ऑइल भरून आणि बेल्टचा ताण तपासूनही घरघर कायम राहिली, तरच पंपाचा विचार करावा.

आता खुद्द रॅक

रॅकच्या दोन्ही टोकांचे बूट दाबून पाहा. आत ऑइल असेल तर सील गेलेत. बूट कोरडे आहेत, टोकाचा आतला सांधाही ठीक आहे, पण ठोका रॅकमधूनच येतोय, तर झीज बुशची (दांड्याला आधार देणाऱ्या कड्याची) किंवा दातांची.

गॅप टाइट करणं हा सर्वांत स्वस्त पर्याय. स्प्रिंगने दाबलेला एक गाइड दात्यांचा रॅक पिनियनला (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकावरच्या छोट्या गिअरला) चिकटवून ठेवतो, त्याचा बोल्ट थोडा आवळायचा. खटखट लगेच थांबते, म्हणून हा उपाय लोकप्रिय आहे. पण आपण जास्तीत जास्त सरळच गाडी चालवतो, त्यामुळे दात मधोमध जास्त झिजतात. मध्यावरचा ढिलेपणा पूर्ण घालवायला गेलं की दोन्ही टोकांना रॅक आवळतो, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. हे धोक्याचं आहे. आवळल्यावर रिकाम्या जागी दोन्ही बाजूंना कट मारून स्टिअरिंग सुटतंय का, हे स्वतः पाहा. नसेल सुटत तर बोल्ट लगेच सैल करून घ्या.

बुश आणि सीलचा किट घालून दुरुस्ती हा मला सर्वांत पटणारा मधला मार्ग आहे, पण एकाच अटीवर: रॅक उघडल्यावर त्याचा दांडा डोळ्यांनी पाहायचा. गुळगुळीत असेल तर खुशाल किट टाका. गंजाचे खड्डे पडले असतील तर नवे सीलही त्यावर घासून लवकर फाटतील आणि मजुरी वाया जाईल.

रिफर्बिश्ड रॅक घेताना विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: दांडा बदलला की पॉलिश केला, आणि दाबाची चाचणी केली का? नीट उत्तर आणि लेखी वॉरंटी मिळाली तर घ्यायला हरकत नाही. भंगारातल्या गाडीचा रॅक मात्र मी कधीच घेणार नाही, कारण त्या गाडीला अपघात झाला होता का हे कोणालाच सांगता येत नाही.

गाडी बरीच वर्षं ठेवायची असेल आणि दांडा खराब असेल, तर नवाच घ्या. हायड्रॉलिक असेल तर जुनं ऑइल पूर्ण धुवून काढायला लावा, नाहीतर घासलेल्या पंपाचा धातूचा कीस नव्या रॅकमध्ये जाईल. रॅकवर मोटर असलेल्या गाडीत स्टिअरिंग किती वळलंय हे मोजणारा स्टिअरिंग अँगल सेन्सरही जुळवून घ्यावा लागतो. टाय रॉड किंवा रॅक यांपैकी काहीही बदललं, तरी व्हील अलाइनमेंट करावंच लागतं.

ठोका तळहातात येत असेल तर

इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये मोटर बहुतेक वेळा कॉलमवर, म्हणजे स्टिअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्यावर, असते. मोटर आणि गिअर यांच्यामधलं छोटं कपलिंग झिजलं की स्टिअरिंग झटपट हलवताना डॅशबोर्डच्या आतून टकटक येते. ह्युंदाई आणि कियाच्या बऱ्याच गाड्यांत हे कपलिंग सुटं मिळतं, तेव्हा अख्खा कॉलम बदलण्याआधी त्याची चौकशी करा. काम एअरबॅगच्या शेजारचं असल्याने बॅटरी सोडवून आणि जाणत्या हातानेच व्हायला हवं.

स्टिअरिंग अचानक जड झालं, मध्येच अडकलं, किंवा हलवल्यावर चाक वळायच्या आधी ते मोकळं फिरू लागलं, तर पर्यायांची तुलना बाजूला ठेवून गाडी उभी करा आणि टो करूनच गॅरेजला न्या.