एसडी कार्डावरची सीएसव्ही ऊनोच्या ॲरेत भरणं: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ऊनो बोर्ड (अर्डुइनोचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, आर३ किंवा त्याआधीचा), एसडी कार्डाचं मॉड्यूल आणि थर्मिस्टरचं (तापमानाप्रमाणे रोध बदलणाऱ्या सेन्सरचं) कॅलिब्रेशन टेबल असा माझा सेटअप आहे, टेबलात एका रकान्यात एडीसीचं (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचं) रीडिंग, दुसऱ्यात तापमान, साधारण २०० ओळी. चालू झाल्यावर सीएसव्ही फाईल (रकाने स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकुराची फाईल) वाचायची, ॲरेत (मेमरीतल्या आकड्यांच्या सलग यादीत) भरायची आणि मग दिवसभर त्यातून तापमान काढत बसायचं, एवढंच काम. काही महिने हे सलग वापरलंय.

अर्डुइनोची एसडी लायब्ररी स्वतः चांगली आहे. फाईलचं नाव आठ अक्षरांत आणि एक्स्टेन्शन तीन अक्षरांत ठेवलं की फारशी कुरकुर करत नाही. पण त्यावर पार्सफ्लोट (parseFloat, मजकुरातून दशांश आकडा काढणारं फंक्शन) लावून आकडे उचलायचे ही जी सोपी पद्धत बऱ्याच ठिकाणी सांगतात ना, तिला मी पाचात दोनच देईन.

कारण पार्सफ्लोट आकडा किंवा वजाचं चिन्ह दिसेपर्यंत मधलं सगळं गिळून टाकतं. हेडरच्या ओळीत रकान्याचं नाव 'टेम्प१' असेल तर तो १ सुद्धा गुपचूप ॲरेत जाऊन बसतो. एखादा रकाना रिकामा राहिला की ते सरळ पुढच्या ओळीतला आकडा उचलतं आणि तिथून खाली अख्खं टेबल एक घर सरकतं, एरर नाही, काही नाही, तापमान मात्र कुठल्या कुठे. एक्सेलने छोटा आकडा १.२ई-३ असा लिहून ठेवला तर १.२ एक आणि -३ दुसरा, असे दोन आकडे मिळतात. आणि फाईल संपली की एक सेकंद नुसतं थांबून राहतं! ते मुळात सीरियलसारख्या स्ट्रीमसाठी बनवलेलं, पुढचा बाइट येईल म्हणून वाट बघतं, डिफॉल्ट टाइमआउट १००० मिलिसेकंद, आणि शेवटी हातात देतं शून्य. आता हे शून्य अंश समजायचं की फाईल संपली समजायचं? सेटटाइमआउटला (setTimeout) ० दिलं की थांबणं जातं, पण हा घोळ तसाच राहतो.

त्यापेक्षा एक ओळ छोट्या कॅरेक्टर बफरमध्ये (अक्षरांच्या तात्पुरत्या ॲरेत) घ्या आणि ती स्वतः तोडा. तोडायला सी भाषेतलं स्ट्रटोक (strtok) नको, ते लागोपाठचे दोन स्वल्पविराम एकच धरतं, म्हणजे रिकाम्या रकान्याचा प्रॉब्लेम तिथेच; स्ट्रसेप (strsep) घ्या. आकड्यासाठी स्ट्रटोडी (strtod), कारण वाचन कुठे थांबलं तो पॉइंटर ते परत देतं, त्यावरून आकडा होता की कचरा ते कळतं. विंडोजवर बनवलेल्या फाईलमध्ये ओळीच्या शेवटी एक जादा कॅरेज रिटर्न (न दिसणारं अक्षर) असतो आणि कधी कधी फाईलच्या सुरुवातीला बीओएमचे (फाईल युनिकोडमध्ये आहे अशी खूण) तीन बाइट, ते आधी झटका.

आता मेमरी, खरी ओढाताण इथेच आहे. ऊनोत रॅम २०४८ बाइट. २०० ओळी गुणिले दोन फ्लोट (दशांश आकडे), एका फ्लोटला ४ बाइट, म्हणजे १६०० झाले. लायब्ररी कार्डाचा एक सेक्टर (एका वेळी वाचला जाणारा तुकडा) ठेवायला ५१२ घेते. बेरीज २११२, म्हणजे तुमचा कोड अजून सुरूच झाला नाही आणि रॅम संपली. ॲरे ग्लोबल (सगळ्या फंक्शनांच्या बाहेर) असेल तर कंपायलर तिथेच अडवतो, पण फंक्शनच्या आत असेल तर त्याच्या हिशोबात येत नाही, कंपाइल छान होतं आणि मग बोर्ड मधेच रीसेट होतो किंवा सीरियलवर भलतंच काहीतरी छापतो. (फ्लोटऐवजी डबल वापरून अचूकता वाढेल असं वाटत असेल तर सोडून द्या, ऊनोवर डबल पण ४ बाइटचाच.)

मी तापमान शंभरपट करून १६ बिटच्या इंटमध्ये (पूर्णांकात, २ बाइट) ठेवतो, एडीसीचं रीडिंगही तसंच, २३.४५ चे २३४५, मर्यादा ३२७.६७ अंश, माझ्या कामाला रग्गड. अख्खं टेबल ८०० बाइटमध्ये बसतं. गुणाकार बोर्डवर करणार असाल तर नीट राउंड करा, नुसतं इंटमध्ये ढकललं तर २३४५ चा २३४४ होऊ शकतो.

हल्ली तर सीएसव्ही बोर्डपर्यंत जातच नाही. कॉम्प्युटरवर पायथनच्या चार ओळींनी तिची बायनरी फाईल करतो, प्रत्येक नोंद बरोबर ४ बाइट, लिटल एंडियन (धाकटा बाइट आधी). बोर्डवर एका रीडमध्ये सगळं आत, पार्सिंगच नाही. आणि खरं सांगायचं तर ॲरेही लागत नाही, हवी ती नोंद नंबर गुणिले ४ वर सीक करून (थेट त्या जागी उडी मारून) मिळते, फाईलमध्येच बायनरी सर्च (दरवेळी निम्मा भाग वगळत शोधणं) चालतो. रॅमपेक्षा हळू आहे, पण तापमान काय मिलिसेकंदाला बदलतंय? टेबल कधी बदलणारच नसेल तर प्रोगमेममध्ये (PROGMEM, म्हणजे कोडसोबत फ्लॅश मेमरीत) टाका, कार्डाचा व्यापच नको.

ईएसपी३२ या दुसऱ्या, मोठ्या मायक्रोकंट्रोलरवर ५२० केबी रॅम असल्याने यातलं निम्मं टेन्शन जातं. फक्त कोड उचलून तिकडे नेताना फाईलच्या नावाआधी तिरकी रेघ द्या, आणि फाईल उघडतानाचा फाईल_राइट (FILE_WRITE) मोड जपून वापरा: ऊनोवर ते फाईलच्या शेवटी लिहितं, तिथे जुनी फाईल पुसून नव्याने सुरू करतं. लॉग ठेवत असाल तर तिकडे फाईल_अपेंडच (FILE_APPEND).