विंडोज १० नंतर लिनक्स मिंट २२.२ : बसवण्याआधीची तयारी आणि मराठीची घडी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मदरबोर्डवरची सुरक्षा-चिप) लागते आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. त्यामुळे घराघरांत आणि छोट्या कार्यालयांत उत्तम चालणारे असंख्य लॅपटॉप अडकून पडले. अशा यंत्रांसाठी लिनक्स मिंट या मोफत कार्यप्रणालीची सिनॅमन (हे तिच्या डेस्कटॉपचे नाव) आवृत्ती हा आज सर्वांत कमी त्रासाचा पर्याय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र मिंट बसायला एसएसडीवर पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि त्याआधीच्या तयारीला दोन संध्याकाळी. बिघडते ते बहुतेक वेळा या तयारीतच.

२२.२ ही आवृत्ती, टोपणनाव ‘झारा’, सप्टेंबर २०२५ मध्ये आली. पाया उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या २४.०४ आवृत्तीचा, सुरक्षेच्या सुधारणा २०२९ पर्यंत मिळणार. कागदोपत्री २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा पुरते. प्रत्यक्षात ब्राउझरचे दहा टॅब उघडे ठेवायचे तर ८ जीबी रॅम हवी. ४ जीबीच्या यंत्रावर सिनॅमनऐवजी एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेली मिंट घ्या. हार्ड डिस्क असेल तर आधी २५६ जीबीची साधी साटा एसएसडी टाका. जुन्या लॅपटॉपवर एवढा फरक दुसरी कोणतीच गोष्ट पाडत नाही. ३२-बिट प्रोसेसरसाठी हे नाही, मिंटने २० व्या आवृत्तीपासून ते सोडले आहे.

आधी कोणी याच्या वाटेला जाऊ नये तेही सांगून टाकतो. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरवर छपाईचे अंक लावणारे, टॅलीवर हिशेब ठेवणारे, डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन लावून निविदा भरणारे यांनी विंडोज काढू नये. टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळाला तरी संकेतस्थळाचे सही करणारे जोड-सॉफ्टवेअर अडवू शकते. प्रिंटरचेही तसेच. अलीकडचे वायफायवाले प्रिंटर ड्रायव्हरशिवाय आपोआप दिसतात. पण आपल्याकडच्या टेबलांवर अजूनही दिसणाऱ्या कॅनन एलबीपी २९०० चा लिनक्स ड्रायव्हर जुना आणि हट्टी आहे. एचपी लेसरजेट १०२० चालतो, फक्त एचपीचे जोड-प्लगिन उतरवावे लागते, कारण हा प्रिंटर आपले फर्मवेअर स्वतःत ठेवत नाही. दर वेळी चालू केल्यावर ते संगणकाकडून घेतो. प्लगिन नसेल तर छपाई रांगेत दिसते आणि कागद हलत नाही.

तयारीची सुरुवात विंडोजमध्येच करायची. डॉक्युमेंट्स आणि फोटो सगळेच उतरवून घेतात, पण आउटलुकची पीएसटी फाइल (मेल साठवणारी), ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि घरी-ऑफिसात वापरायचे वायफायचे परवलीचे शब्द हमखास राहून जातात. पीएसटी नुसती कॉपी करून भागत नाही. लिनक्सवर आउटलुक नाही, म्हणून विंडोज चालू असतानाच थंडरबर्ड बसवून त्यात मेल आयात करा आणि थंडरबर्डचे प्रोफाइल सोबत न्या. विंडोजची डिजिटल परवानगी मदरबोर्डशी बांधलेली असते, त्यामुळे उद्या तेच विंडोज परत बसवले तर किल्ली विचारली जाणार नाही.

पुढचा मुद्दा बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाचा. होम आवृत्तीत तो ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने असतो आणि चालू आहे हे अनेकांना माहीतही नसते. बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) काहीही बदलण्याआधी तो बंद करा, किंवा निदान ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. सिक्युअर बूटला (फक्त सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणाऱ्या सोयीला) हात लावला की पुढच्या वेळी विंडोज हीच की मागते. ती नसेल तर डिस्कवरचा मजकूर गेला, कुठलेही दुकान तो परत आणू शकत नाही.

मग कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर पर्यायांत जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. ती असेल तर ‘शट डाउन’ दाबूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. डिस्कवरचा विंडोजचा (एनटीएफएस) विभाग ‘वापरात’ राहतो, आणि मिंटमधून त्यात फाइल लिहायला गेलात की तो फक्त वाचण्यापुरताच उघडतो. मिंट बसवल्यावर ‘माझी डी ड्राइव्ह लॉक झाली’ अशी तक्रार येते, तिचे कारण बहुतेक वेळा हेच.

दोन्ही प्रणाली शेजारी ठेवायच्या असतील तर सी ड्राइव्ह विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच आकसवा. किमान ६० जीबी मोकळे करा, १०० असेल तर निश्चिंत. मोकळी जागा तशीच रिकामी सोडायची, तिचा नवा ड्राइव्ह बनवायचा नाही. कधी कधी २०० जीबी रिकामे दिसत असूनही विंडोज फक्त १०-१२ जीबी सोडायला तयार होते. हायबरनेशनची फाइल, पेज फाइल आणि रिस्टोर पॉइंट मध्येच बसलेले असतात आणि ते हलवता येत नाहीत. तिन्ही तात्पुरते बंद करून एकदा रीस्टार्ट करा, मग आकसवा.

मिंट ज्या एका फाइलीत उतरवायची ती आयएसओ सुमारे ३ जीबीची आहे, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. उतरवल्यावर एसएचए२५६ बेरीज (फाइल अखंड आहे का ते सांगणारी खूण) जुळवून पाहा. अर्धवट उतरलेली आयएसओ मध्यावर अडकते आणि दोष मात्र लॅपटॉपला दिला जातो. कोणाकडून आलेली जुनी आयएसओ वापरू नका. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या सुधारणेने जुन्या लिनक्स बूटलोडरना (प्रणाली सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामना) सिक्युअर बूटमध्ये नाकारायला सुरुवात केली, आणि पडद्यावर नुसती एसबीएटीची (बूटलोडर जुना असल्याची) चूक दिसून यंत्र बंद होऊ लागले. ताज्या मिंटला सिक्युअर बूट बंद करावे लागत नाही. पेनड्राइव्ह लिहायला रुफस किंवा एचर, दोन्ही चालतात. बूट मेन्यूची कळ डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९. एसरवर एफ१२ आहे, पण ती बायोसमध्ये जाऊन आधी चालू करावी लागते.

पेनड्राइव्हवरून मिंट उघडले की लगेच ‘इन्स्टॉल’वर क्लिक करू नका. अर्धा तास तसेच वापरा. आवाज, कॅमेरा, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणे, प्रकाश कमी-जास्त करण्याच्या कळा, आणि झाकण बंद करून उघडल्यावर यंत्र जागे होते का, हे पाहा. ब्रॉडकॉमची वायफाय चिप असेल तर नेटवर्क दिसणार नाही. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा.

डिस्कच दिसत नसेल तर घाबरू नका. बायोसमध्ये साठवण ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’ स्थितीत आहे, ती ‘एएचसीआय’ करायची. सरळ बदललेत तर विंडोज निळा पडदा दाखवेल. त्यासाठी क्रम पाळा: विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, मग बायोसमध्ये बदल करा, एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्या (तेवढ्यात ते योग्य ड्रायव्हर उचलते), आणि शेवटी सेफ मोड काढून टाका.

इन्स्टॉलरमध्ये भाषा निवडताना मराठी दिसते आणि हात आपसूक तिकडे जातो. तरीही इंग्रजी घ्या. सिनॅमनचा मराठी अनुवाद पूर्ण नाही, मेन्यू अर्धे मराठी अर्धे इंग्रजी दिसतात; त्याहून महत्त्वाचे म्हणजे कळफलक भारतीय मांडणीवर गेला तर पासवर्ड देवनागरीत टंकला जातो आणि लॉगिनच्या पडद्यावर माणूस बाहेर अडकतो. कळफलक ‘इंग्लिश (इंडिया, विथ रुपी)’ ठेवा, उजव्या ऑल्टसोबत ४ दाबले की ₹ मिळते. मल्टिमीडिया कोडेकची (गाणी-व्हिडिओ चालवणाऱ्या जोडांची) खूण करा. विभाग स्वतः करणार असाल तर ईएफआय विभाग निवडायचा, पण त्याच्यासमोरची ‘फॉरमॅट’ची खूण चुकूनही करायची नाही, विंडोजचा बूटलोडर त्यातच राहतो.

एनव्हिडिया कार्ड असेल तर बसवताना किंवा ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड विचारला जातो. रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच द्यायचा. हा पडदा काही सेकंदच थांबतो. चुकला तर ड्रायव्हर चढत नाही आणि स्क्रीन ठोकळेबाज दिसते.

आता सजावट आणि मराठी. सिनॅमनचे पॅनल, मेन्यू, नेमो फाइल मॅनेजर विंडोजवरून येणाऱ्याला तासाभरात ओळखीचे होतात. ॲपलेट (पॅनलवरचे छोटे जोड) आणि डेस्कलेट (डेस्कटॉपवरचे) हवे ते घ्या, मात्र एकदम दहा नकोत. सगळे स्वयंसेवकांनी लिहिलेले असतात, एखादा सैल निघाला तर पूर्ण पॅनल अडखळते आणि दोषी शोधणे कठीण जाते. रात्री काम करणाऱ्यांसाठी ‘नाइट लाइट’ आता सिनॅमनमध्येच आहे, वेगळे सॉफ्टवेअर नको. लॉगिन पडद्यावरचे ‘वेलँड’ (पडदा रंगवण्याची नवी पद्धत) सत्र अजून प्रयोगात्मक म्हणूनच दिलेले आहे. मराठीत लिहिणाऱ्यांनी नेहमीचेच सत्र ठेवावे.

मराठी टंकण्यासाठी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘आयबस-एम१७एन’ हे पॅकेज घ्या (आयबस ही लिनक्सची टंकन-यंत्रणा), ‘इनपुट मेथड’मध्ये आयबस निवडा, लॉगआउट होऊन परत या. मग आयबसच्या पसंतीत मराठीखाली इन्स्क्रिप्ट, इन्स्क्रिप्ट २, आयट्रान्स, फोनेटिक, टाइपरायटर, रेमिंग्टन, मिंग्लिश आणि चक्क गमभन अशी यादी समोर येते. इतके मराठी पर्याय बिनपैशांचे, इंटरनेट नसतानाही चालणारे, एका जागी मिळणे ही या प्रणालीची मोठी जमेची बाजू आहे. सुपर आणि स्पेस दाबले की भाषा बदलते. कीबोर्ड सेटिंगमध्ये मात्र एकच इंग्रजी मांडणी ठेवा. तिथेही मराठी जोडली तर दोन यंत्रणा एकमेकींवर चढतात आणि अक्षरे भलतीच उमटतात. इन्स्क्रिप्टमध्ये ‘दुसऱ्या’तला ऱ्या हवा तर शिफ्ट-जे, डी, मग य आणि काना. शिफ्टविना जे दाबलेत तर साधा र येतो आणि ‘दुसर्या’ अशी चूक होते. ळ शिफ्ट-एनवर आहे.

लिब्रेऑफिसमध्ये भाषेच्या पर्यायांत ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करून तिथे मराठी निवडा, आणि रायटरचा देवनागरीचा मूळ फॉन्ट वेगळा ठरवा. हे राहिले तर फॉन्ट बदलूनही मराठी अक्षरे जशीच्या तशी राहिल्यासारखी वाटतात. विंडोजवर मंगल किंवा निर्मलामध्ये केलेली फाइल इथे दुसऱ्या फॉन्टने उघडते, ओळी तुटतात, पानांचे आकडे सरकतात. मुद्रकाकडे किंवा कार्यालयात पाठवायचे ते पीडीएफ करूनच पाठवा. नव्या कामासाठी मुक्त किंवा नोटो देवनागरी घ्या, दोन्ही मोफत आहेत. क्रुती देवसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या फाइली तो फॉन्ट टाकल्यावर दिसतात, पण शोध आणि कॉपी होत नाही. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

सगळे मनासारखे झाले की टाइमशिफ्ट या मिंटमधल्याच साधनाने पहिला स्नॅपशॉट (प्रणालीची मागे नेता येणारी प्रत) घ्या. इथे दोन गैरसमज घात करतात. टाइमशिफ्ट तुमच्या फाइलींची प्रत ठेवत नाही, ‘होम’ फोल्डर तो मुळातच वगळतो. आणि स्नॅपशॉट त्याच विभागात ठेवून रोजचे पाच-सात लावले तर डिस्क भरते, मग लॉगिन केले की पुन्हा लॉगिनचाच पडदा येतो. आठवड्याचे दोन पुरेत, शक्य असेल तर वेगळ्या विभागात.

शेजारी विंडोज ठेवले असेल आणि त्यातले घड्याळ साडेपाच तास मागे दिसू लागले तर बॅटरी बदलायला धावू नका. लिनक्स मदरबोर्डचे घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजते. मिंटला स्थानिक वेळ ठेवायला सांगितले की दोघांचे जमते.

गुण द्यायचे तर ब्राउझर, पत्रव्यवहार, अभ्यास आणि मराठी लेखन एवढ्या कामांसाठी पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो मराठी टंकलेखन मुळातच तयार मिळत नाही म्हणून.